जुन्या पेजमेकर फाईलींचं काय करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून जिथे तिथे डिजिटायझेशनचं बोललं जातंय. चांगलंच आहे, पण सगळं जुन्या पोथ्या नि पिवळी पडलेली पुस्तकं स्कॅन करण्याबद्दल. 1990 नंतर जे मराठी थेट कॉम्प्युटरवरच टाइप झालं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारा. जुन्या फाईली युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत) करून द्यायची कामं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितोय.

त्या काळात श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप करून पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावायची हीच पद्धत होती. या फॉन्टची गंमत अशी की फाईलमध्ये मराठी नसतंच, असतात ते इंग्रजीचे कोड, आणि फॉन्ट त्यांच्या जागी अर्धा श, काना, मात्रा, वेलांटी असे तुकडे दाखवतो. फॉन्ट गेला की उरतो कचरा. बरं, प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टचेही वेगळे. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, विंडोज 2000 मध्ये ती चालायलाही लागली, पण पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये ती नीट चालायला 2012 ची सीएस6 आवृत्ती उजाडली, त्यामुळे छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट आणखी बरीच वर्षं चालत राहिले.

लोक म्हणतात जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे फुकट कन्व्हर्टर नेटवर आहेत की, टाका आणि काढा. आहेत, पण आधी फॉन्ट कोणता होता ते कळलं पाहिजे, आणि इथेच लोक माती खातात, फाईल उघडत नाही म्हणून कोणीतरी ती टेक्स्ट म्हणून सेव्ह करतो आणि फॉन्टचं नाव कायमचं पुसलं जातं. मग मधे आलेला इंग्रजी शब्द कुठला आणि मराठी कुठला हे मशीनला कळायचं कसं, दोघांचे कोड तेच! ते इंग्रजी शब्दाचंही देवनागरी कडबोळं करून ठेवतं. म्हणून आधी फॉन्टची माहिती राहील अशा आरटीएफ किंवा डॉक प्रकारच्या फाईलमध्ये काढायचं आणि जेवढा मजकूर त्या फॉन्टमध्ये आहे तेवढाच बदलायचा.

त्यानंतरही वेलांटी आणि रफार छळतात. जुन्या फॉन्टच्या फाईलमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी असायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते, म्हणजे 'स्थिती'सारख्या शब्दात तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून पुढे न्यावं लागतं, रफाराचं बरोबर उलटं. हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर 'दुसऱ्या'मधल्या ऱ्यावर हमखास आपटतात. 'ॲ' तर युनिकोडमध्ये 2008 साली आला, त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन काम भागवलेलं, दिसायला दोन्ही सारखेच पण एक टाकून शोधलं तर दुसरा सापडेलच याची खात्री नाही. थोडक्यात कन्व्हर्ट झाल्यावर माणसाने बसून प्रूफ वाचणं आलंच, आणि त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं.

छापील प्रत आहे, ती स्कॅन करून ओसीआर करू, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घेऊ, असंही ऐकतो. जिथे फाईल मेलीच आहे तिथे दुसरा इलाज नाही, मान्य. पण फाईल असेल तर त्यात आधीच टाइप झालेला, प्रूफ वाचलेला मजकूर पडलेला आहे, तो सोडून पुन्हा पुसट छपाईवरून अक्षरं ओळखत बसायचं? (प्रेसवर झालेल्या शेवटच्या दुरुस्त्या मात्र छापील प्रतीवरून तपासाव्या लागतात.) आणि सगळं कुठे छापलं गेलंय! अर्धवट राहिलेले कोश, गावच्या इतिहासाची टिपणं, नाटकांच्या तालमीच्या संहिता, संस्थांचा पत्रव्यवहार, हे फक्त फ्लॉपी आणि सीडीवर आहे, आणि घरी लिहिलेल्या सीडी काही जन्मभर टिकत नाहीत.

नुसती पीडीएफ करून ठेवली की झालं असं समजू नका. जुन्या फॉन्टची पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण त्यातून एक ओळ कॉपी करून बघा काय येतं ते. दिसण्यासाठी पीडीएफ ठेवा, मजकूर युनिकोड करून ओडीटी किंवा डॉकएक्समध्ये ठेवा, दोन्ही आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेचे फॉरमॅट आहेत. मूळ फाईल आणि फॉन्ट मात्र अजिबात डिलीट करू नका, उद्या आजच्यापेक्षा चांगला कन्व्हर्टर आला तर तो चालवायचा कशावर?

माझी मागणी साधी आहे. फॉन्ट कंपन्यांनी आपल्या जुन्या फॉन्टचे कोडचे तक्ते खुले करावेत, त्यात आता धंद्याचं गुपित ते काय राहिलंय. राज्य मराठी विकास संस्थेने पुढाकार घेऊन त्यावरून मराठीसाठी तपासलेला एक कन्व्हर्टर सगळ्यांना फुकट द्यावा, आणि डिजिटायझेशनच्या अनुदानात स्कॅनिंगसोबत कन्व्हर्जन आणि प्रूफचा खर्चही धरावा. आणि संपादक महाराज, तुमच्या ऑफिसात 1998-99 च्या पुरवण्यांच्या सीडी असतीलच, त्या काढून एखादी उघडते का बघा, आणि त्यावेळचे फॉन्ट ज्या मशीनवर आहेत ते मशीन तेवढं भंगारात देऊ नका.

आपला,
एक डीटीपीवाला, कोल्हापूर