डोभाल साहेब, जिवंत असल्याचा दाखला तुमाले बी द्यावा लागते का?

मा. अजित डोभाल साहेब, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार यांना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका रिटायर हवालदाराचा जय हिंद.

साहेब, माझ्या कानाच्या मशीनच्या बिलाची फाईल काल पुन्हा त्रुटी काढून परत आली. गडचिरोलीत नोकरीवर असताना सुरुंग फुटला, डावा कान गेला, उजव्याचं बी काही खरं नाही. सत्काराच्या दिवशी मोठ्या साहेबांनी माईक हातात घेऊन सांगितलं होतं की महिनाभरात पैसे खात्यात, तुमची फाईल ती माझी फाईल. मग त्यांची बदली झाली आन फाईल कोणाचीच राहिली नाही. ऑफिसाचं नाव लिहित नाही, अजून काम अडकलं आहे तिथं. काल गेलो त बाबू मोबाईलवर तुमचंच रील पाहून राहिला होता, तुमी पाकिस्तानात वेष बदलून कसे राहिले, सुवर्णमंदिरात रिक्षावाला बनून कसे शिरले, खरं-खोटं तुमालेच माहीत. मले हातानंच थांब म्हणे. थांबलो.

तुमच्या कामाबद्दल वाद नाही जी. 1968 ची बॅच, केरळ केडर, मिझोराम, पंजाब, 1999 ले कंदहारात पळवलेल्या विमानातल्या लोकांसाठी बोलणी, कीर्ती चक्र मिळवणारे पहिले पोलीसवाले. आमच्याच खात्याचा माणूस, अभिमान वाटते. 2005 ले आयबीचे, म्हणजे गुप्तचर खात्याचे, डायरेक्टर म्हणून रिटायर झाले, 2014 ले सल्लागार, 2019 ले कॅबिनेट दर्जा, 2024 ले आणखी एकदा, तवा तुमी 79 चे. राहा बापा, तब्येत सांभाळा. पण आमच्या राज्यात हवालदार 58 ले घरी जाते, आन माझा पोरगा ओपनमधला, 28 पार झाला म्हणून पोलीस भरतीतून बाद. म्हणजे 28 चा म्हातारा, 58 चा निकामी, आन 79 वाल्याशिवाय देशाचं पानही हलत नाही! हे वयाचं गणित कोणत्या शाळेत शिकवते?

आन राग खरा याचा नाही. कॅबिनेट दर्जा ज्या साली मिळाला त्याच साली 14 फेब्रुवारीले पुलवाम्यात 40 जवान गेले, त्यातले दोन आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे. मग 1 मे ले, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याले नक्षल्यांच्या सुरुंगात 15 पोलीस आन गाडीचा ड्रायव्हर. तुमी म्हणाल नक्षल राज्याचा विषय, पुलवाम्याचं उत्तर बालाकोटले दिलं. दिलं, मान्य. पण आमची टोपी वाकडी दिसली त मेमो मिळते, ड्युटीवर पाच मिनिटं उशीर झाला त पगार कापते, मग स्फोटकं भरलेली गाडी जवानांच्या ताफ्यापर्यंत पोचली त्याचा मेमो कोणाले गेला? गेला असल त आमाले बी दाखवा ना. खाली चूक झाली त शिपाई सस्पेंड, वर झाली त चौकशी चालू आहे. काँग्रेसचं राज्य असो का यांचं, हे कधी बदललं नाही, अन् शहीद झाला की सगळे पुढारी हार घेऊन येते, फोटो काढते, गावात स्मारक बांधू म्हणते, चौथरा बांधते आन त्यावर दुसऱ्या वर्षी कापूस वाळते. जे मेले नाही, अर्धे वाचून आले, त्यांच्यासाठी त चौथरा बी नाही, निस्ती त्रुटी. असे जिल्ह्यात शे-दोनशे तरी असतील माझ्या अंदाजानं, मोजते कोण.

दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायले जातो, अंगठा मशीनवर उमटत नाही, बाबू म्हणे काका तुमी जिवंत नाही दाखवत. तुमी बी पेन्शनरच की साहेब, तुमाले बी लागते का हा दाखला, का तुमचं टीव्हीवर पाहून घेते?

मागणी लहान आहे. फाईल दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कपाटात, लाल कपड्यात बांधलेली आहे. कोणाले सांगून सोडवा. उत्तर द्यायचं असल त लिहून पाठवा, फोन करू नका, मले ऐकू येत नाही.

तुमचाच खात्यातला,
एक हवालदार