पोरीला परत बोलावू नकोस

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं, पण बाकीचं वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. लॉस एंजेलिसला घरांच्या नकाशांचं काम करणाऱ्या तुझ्या पोरीला, मनूला, परत बोलावून माझ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात बसवायचं तू परस्पर ठरवून टाकलंस. तिला विचारलंस का? मला तर आत्ता विचारतोयस.

तुझा मुद्दा मी नीट वाचला. दवाखाना किंवा शाळा परक्या माणसाने बांधली तर चालतं, पण घराचं तसं नाही. तिकडच्या लोकांची चूल कुठे असते, म्हातारी माणसं कुठे निजतात, भांडण झालं की कोण कुठे जाऊन बसतं, हे आपल्या पोरीला काय कळणार, असं तू म्हणतोस. मुद्दा खोटा नाही. माझाही धंदा घरांचाच आहे, तेव्हा हा प्रश्न मला रोज पडतो, आणि तोही कोथरूडमध्ये बसून. म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

मनू ज्या गावात आहे तिथेच एका परक्या माणसाने आयुष्यभर घरं बांधली. रुडॉल्फ शिंडलर. जन्म व्हिएन्नाचा, 1887 चा. तिथल्या नामवंत आर्किटेक्टचा, ओटो वाग्नरचा, विद्यार्थी. 1914 साली एका शिकागोच्या ऑफिसात नोकरी मिळाली म्हणून अमेरिकेला गेला आणि काही महिन्यांत इकडे युरोपात महायुद्ध पेटलं. पुढे फ्रँक लॉइड राइट या बड्या अमेरिकन आर्किटेक्टकडे लागला. राइटसाहेब इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी जपानात, आणि लॉस एंजेलिसला एका श्रीमंत बाईंचं, हॉलीहॉक हाउसचं, काम अडलेलं. ते बघायला 1920 मध्ये शिंडलरला धाडलं. तो तिथलाच झाला.

1922 साली त्याने किंग्ज रोडवर स्वतःचं घर बांधलं. ते मी तुला जरा दाखवतोच, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. दोन जोडपी, शिंडलर नवराबायको आणि त्यांचे मित्र चेस नवराबायको, मिळून एक घर. दिवाणखाना नाही, जेवणघर नाही, निजायची खोली नाही. चार माणसांना चार खोल्या, ज्याची त्याची. स्वयंपाकघर सामाईक, दोन्ही बायकांनी आळीपाळीने बघायचं. (पुरुषांची पाळी काही लावली नाही गड्याने, एवढा मोठा क्रांतिकारक असून!) झोपायला वर गच्चीवर लाकडी खोपटी, उघड्यावर. आपण मे महिन्यात गाद्या घेऊन वर पळायचो, ते या माणसाने नकाशात काढून बारा महिन्यांसाठी बांधलं.

आणि भिंती कशा केल्या बघ. जमिनीवर साचे मांडून काँक्रीटच्या भिंती आडव्या ओतल्या. सुकल्यावर तिपाई आणि कप्पी लावून दोन-चार माणसांनी एकेक भिंत उभी केली. खाली जाड, वर पातळ. दोन भिंतींमध्ये बारीक उभी फट सोडली आणि तिच्यात काच बसवली. गिलावा नाही, रंग नाही. रस्त्याकडे ही काँक्रीटची पाठ, आणि बागेकडे लाकूड आणि कॅनव्हासची सरकती दारं. नगरपालिकेला हे प्रकरण कळेचना. परवानगी दिली तीही तात्पुरती, म्हणजे काम मधेच थांबवता यावं अशी. आपल्याकडे असा नकाशा घेऊन गेलास तर फाईल टेबलावरून हलायची नाही.

आता सांग, असं घर व्हिएन्नात राहून कुणी बांधलं असतं का? बायकोला तिची स्वतःची कामाची खोली, तीही नवऱ्याच्या खोलीच्या बरोबरीची. आपल्या वाड्यात ओटी होती, सोपा होता, माजघर होतं, चौक होता. पण एका बाईने दार लावून बसावं अशी जागा होती का रे? तुझ्या आजीला होती? शिंडलरला ते सुचलं याचं मोठं कारण माझ्या मते हे, की त्याला बघायला कुणी नव्हतं. सासरे नाहीत, भाऊबंद नाहीत, ‘लोक काय म्हणतील’ म्हणायला आळी नाही. आणि त्याची गिऱ्हाइकंही बरीचशी तशीच. लॉस एंजेलिस तेव्हा झपाट्याने वाढत होतं ते बाहेरून आलेल्यांच्याच जिवावर. परका आर्किटेक्ट आणि परकंच गिऱ्हाईक. म्हातारी कुठे निजते हे ठरलेलंच नव्हतं, तर चुकणार काय?

पण हे ऐकून लगेच मनूला ‘जा, नाव काढ’ म्हणू नकोस. पुढचं ऐक.

शिंडलरच्या मागोमाग व्हिएन्नाचाच त्याचा दोस्त रिचर्ड नॉयट्रा अमेरिकेत आला. 1925 मध्ये बायको-मुलासह शिंडलरच्याच घरी, किंग्ज रोडला, राहायला. डॉ. लव्हेल म्हणून एक निसर्गोपचारवाले होते, वर्तमानपत्रात आरोग्यावर लिहायचे. त्यांचं न्यूपोर्ट बीचचं घर शिंडलरने बांधलं, पाच काँक्रीटच्या चौकटींवर वाळूपासून वर उचललेलं, 1926 चं. मग याच डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या घराचं काम दिलं ते नॉयट्राला. लोखंडी सांगाड्याचं ते घर 1929 मध्ये उभं राहिलं आणि नॉयट्रा जगभर गाजला. 1932 ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमने नव्या वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात नॉयट्रा होता, शिंडलर नव्हता. 1949 मध्ये नॉयट्रा ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर. डॉक्टरांचं काम शिंडलरकडून नॉयट्राकडे गेलं यात चूक कुणाची, यावर अजून वाद घालतात. माझं मत विचारशील तर गिऱ्हाईक कुणी पळवत नसतं, ते स्वतःच्या पायांनी जातं. पण एका छपराखाली राहून हे झालं म्हटल्यावर बोलणं तुटायचंच, ते तुटलं.

1953 मध्ये नॉयट्राला हृदयविकाराचा झटका आला आणि हॉस्पिटलात त्याला नेमका ज्या खोलीत ठेवला तिथे शिंडलर होता, कॅन्सरने शेवटाला आलेला. दोघे जुन्या व्हिएन्नाच्या गोष्टी काढून बोलत बसले म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिंडलर गेला.

मधली तीस वर्षं हा माणूस काय करत होता? घरंच बांधत होता, बहुतेक लहान आणि कमी पैशांची. उताराचे, अडचणीचे प्लॉट, प्लायवूड, साधा गिलावा. कंत्राटदारही बऱ्याचदा स्वतःच. नकाशा पूर्ण न करता साईटवर जाऊन खिडकी इकडची तिकडे करायचा. म्हणून मला तो जवळचा वाटतो. श्रीमंत झाला नाही. घरांचे आर्किटेक्ट श्रीमंत होत नाहीत, बंड्या, ते विमानतळवाले होतात.

तू म्हणशील, ते सगळे गोरे, एकमेकांत खपून जाणारे. खरं आहे. तर उलटा माणूस घे. लॉरी बेकर. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा आर्किटेक्ट, 1917 चा जन्म. युद्धात चीनमध्ये रुग्णसेवेला गेला, परत जाताना मुंबईत बोटीची वाट बघत अडकला, तिथे गांधीजींची गाठ पडली. 1945 मध्ये तो कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यांची कामं करायला पुन्हा भारतात आला. केरळच्या डॉक्टर एलिझाबेथशी लग्न केलं आणि दोघं पिथोरागडला हिमालयाच्या डोंगरात जवळजवळ 16 वर्षं राहिली. ती दवाखाना चालवायची, हा बांधकामं. विलायतेत शिकलेलं तिथे फारसं उपयोगी पडेना. मग दगड कसा रचतात, चिखलात काय मिसळतात, हे डोंगरातल्या माणसांकडून शिकला. नाव झालं ते त्यानंतर, तिरुअनंतपुरमला, पन्नाशी उलटल्यावर.

त्याची रॅट-ट्रॅप भिंत तुला कागदावर काढून पाठवतोय. वीट कडेवर उभी करायची, तीन इंच आतली, तीन इंच बाहेरची, मधे तीन इंच पोकळी. भिंत नऊ इंचीच, पण विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत शिरत नाही. गिलावा करायचा नाही, दरजा भरल्या की झालं. आमच्याकडे मी हे करून घ्यायचं म्हटलं की गवंडी आधी विटांकडे बघतो आणि मग माझ्याकडे. विटेला धार नसेल तर भिंत उघडी ठेवता येत नाही, आणि धारेची वीट महाग पडते. बेकर साईटवर तासन् तास उभा असायचा, ते उगाच नाही.

पुढे तो भारताचा नागरिक झाला, 1990 ला पद्मश्री. 2007 मध्ये गेला तो तिरुअनंतपुरमलाच.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. जिथे सगळेच नवे आहेत तिथे परक्याला सूट मिळते. जिथे रीतभात मुरलेली आहे तिथे त्याला विचारत फिरावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. मनूला दोन्ही करावं लागेल, कारण आजचं लॉस एंजेलिस दोन्ही आहे. पण इथे येऊन तिला काय करता येईल ते ऐक. माझ्याकडे सध्या मुख्यतः सोसायट्यांचा पुनर्विकास. परवा एका सोसायटीच्या बैठकीत तीन तास बसलो. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किती टक्के वाढणार, पार्किंग किती, बिल्डरने द्यायचा कॉर्पस निधी किती, भाडं कधीपासून. दुपारचं ऊन कुठल्या खोलीत येईल हे एकाही सभासदाने विचारलं नाही. शेवटी एक आजी म्हणाल्या, ‘तुळस कुठे ठेवू?’ चेअरमन म्हणाले, तो मुद्दा अजेंड्यावर नाही. या कामावर माझं घर चालतं, तक्रार नाही. पण सत्ताविसाव्या वर्षी पोरीने याच्यात शिरावं असं मला वाटत नाही. आणि तिकडे वाकड-हिंजवडीत तरी कोण मूळचं आहे? लातूर, नांदेड, पाटणा, इंदूर. त्यांना घर कसं हवंय हे मलाही विचारावंच लागतं. कोथरूडचा असून मी तिथे परकाच.

आता कामाचं. तिथे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला परवाना लागतो. अनुभवाचे 3,740 तास नोंदवायचे, शिवाय सहा भागांची परीक्षा, आणि कॅलिफोर्नियाची स्वतःची आणखी एक. तास वेळच्या वेळी नोंदवायचे, कंटाळा करायचा नाही, हे तिला माझ्या नावाने सांग. दुसरी गोष्ट तिला कदाचित ठाऊकही असेल: तिथल्या कायद्यात लाकडी सांगाड्याच्या, दोन मजल्यांपर्यंतच्या एका कुटुंबाच्या घराला परवानाधारक आर्किटेक्टची सक्ती नाही. म्हणजे परवाना हातात यायच्या आधीही लहान घर तिला काढता येईल, फक्त पाटीवर आर्किटेक्ट लिहायचं नाही. व्हिसाचं मात्र तिच्या वकिलाला विचारून मगच. त्यातलं मला कळत नाही आणि तुला तर त्याहून नाही.

किंग्ज रोडचं घर आता लोकांना बघायला खुलं आहे. तिला म्हणावं सकाळी जा, आणि त्या भिंतींमधल्या फटींचे फोटो मला पाठव, बाहेरून नको, आतून.

ऑफिसातली खुर्ची हवी असेल तर ती तिचीच आहे, पण ती स्वतः मागेल तेव्हा. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला ते तेल लावणं बंद कर आणि डॉक्टरकडे जा.

तुझा,
नाना