सिस्टर, तुमचा लाडवाचा डबा अजून आमच्याकडेच आहे

सिस्टर,

नाव लिहू नकोस असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं सिस्टर. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत तुम्हाला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारतच नाही म्हणा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाला ताप आला की आधी तुमचंच दार.

डिसेंबरातली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. सहा वीस झालेले, बाहेर मिट्ट काळोख, व्हॅनवाले काका खाली हॉर्नवर हॉर्न देतायत आणि नववीतले आमचे चिरंजीव पांघरुणात. हाका मारून झाल्या, थंडीत पंखा लावून झाला. शेवटी तांब्यातलं गार पाणी मी त्याच्या तोंडावर ओतलं. तो रडला नाही, ओरडलाही नाही. ओल्या उशीकडे नुसता बघत बसला. व्हॅन निघून गेली. जिन्यात उभी राहून मी त्याचा उद्धार करत होते, तेव्हा तुम्ही दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलात आणि एवढंच म्हणालात, "त्याला झोप लागते किती वाजता, ते विचारलंस का कधी?"

नव्हतं विचारलं. दहाला दिवा बंद करायचा, एवढंच मला ठाऊक.

संध्याकाळी आलात ते मला चहा करायला पिटाळलंत. घोरतोस का, मन उदास असतं का, शाळेत कुणी त्रास देतं का, हे सगळं तुम्ही त्याला तेवढ्यात विचारून घेतलंत, हे मला फार नंतर कळलं. मी समोर असते तर तो एक अक्षर बोलला नसता. मग ठरलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मी जिथे दुधाचा हिशेब मांडते त्याच चौकोनात, त्याने झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची. दोन आठवडे. 'दूध १ लि.' आणि त्याखाली '१२.१० ते ५.४५'. रविवारच्या चौकोनात 'रात्री १ ते सकाळी ११'. शिवाय शाळेतून आल्यावर तीन ते सहा, जी मी झोपेत धरतच नव्हते.

मी मोबाइलवर घसरले. तुम्ही म्हणालात, "मोबाइल आहेच. पण नुसता मोबाइल नाही. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास मागं पडतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. तू त्याला साडेनऊला झोप म्हणतेस, ते तुला कुणी साडेसातला झोप म्हटल्यासारखं आहे. पडून राहील गं, झोप कुठनं येणार?" आणि मग, चहाचा कप खाली ठेवत, "सिव्हिलला नाइट ड्यूटी असली की दिवसा खिडक्या लावून पडायचे मी. डोळे मिटलेले, झोप नाही. तेव्हा मला कुणी आळशी नाही म्हटलं."

हे वाक्य मला लागलं. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी आणि आमचा साडेपाच तासांवर शाळा करत होता.

दुपारची झोप अर्ध्या तासावर आली. सहाला पोटभर भेळ खाऊन आठला जेवण जाईल का, या तुमच्या प्रश्नाला त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. आंघोळ रात्री, दप्तर रात्री; सकाळची वीस मिनिटं वाचली. फोन मिक्सरशेजारी चार्जिंगला. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पाव तास अलीकडे. आणि रविवारी उशिरात उशिरा साडेसातला उठून थेट गच्चीवर, कारण सकाळच्या उजेडाने ते मागं पडलेलं घड्याळ पुढे येतं. शाळेच्या दिवशी हिवाळ्यात तो उजेड मिळणार कुठून? सूर्य उगवायला सात वाजतात, तेव्हा ही पोरं वर्गात बसलेली असतात. पहिल्या रविवारी तो जरंडेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून चादर गुंडाळून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. आमचे सासरे 'लवकर निजे, लवकर उठे' म्हणत खाली फेऱ्या मारत होते.

एक गंमत सांगू? २०२४ मध्ये आपल्या सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. आमची तिसरीतली धाकटी सहाला आपली आपण उठून बसते! ज्याला गरज, त्याची शाळा सातला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवायची नाहीत असा कायदाच आहे म्हणे. आपल्याकडे दोन सत्रांत शाळा चालवायच्या, वर्ग तेवढेच, हे मला कळतं. तरी पालकसभेत विषय काढणार आहे.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. साडेदहापर्यंत झोप लागते, पावणेसहाला दोन हाकांत उठतो. सव्वासात तास होतात, आठ अजून नाहीत. सोमवार अवघडच जातो. पण व्हॅन चुकत नाही, आणि सकाळी आम्ही एकमेकांशी माणसासारखं बोलतो. पाण्याबद्दल मी त्याची माफी मागितली. "उशी दोन दिवस वाळली नव्हती," एवढंच म्हणाला.

तुमचा डिंकाच्या लाडवांचा डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून अडकलाय. कंदी पेढे भरून तो स्वतः घेऊन येईल, रविवारी. साडेसातनंतर. तोवर झोपायची मुभा तुम्हीच दिलीय.

तुमची,
समोरच्या जिन्यातली