खारपाणपट्ट्यातील विहीर म्हणजे खाडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यपेटीविषयी आलेल्या लेखात ‘खारपाणपट्ट्यातील हौशी मंडळींनी विहिरीच्याच पाण्यात खाडीतले मासे पाळावेत’ असा सल्ला आहे. या पट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातल्या, दर्यापूर तालुक्यातील एका गावात सहा वर्षांपासून हा छंद जोपासत असल्याने त्यात दुरुस्ती सुचवणे मला आवश्यक वाटते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातले आमचे पाणी खारट आहे आणि त्यात डाळ धड शिजत नाही, हे खरेच. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात व त्यांचे आपसातले प्रमाण ठरलेले असते. खाडीत हेच पाणी नदीच्या पाण्याने पातळ होते. आमच्या विहिरीतले क्षार जमिनीतून आलेले असल्याने त्यांचे प्रमाण वेगळे असते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पाण्याच्या वीजवाहकतेवरून केवळ एकूण आकडा दाखवतो, क्षार कोणते ते सांगत नाही. माझ्या मीटरवर 2,800 (लिटरला मिलिग्रॅम) आकडा पाहून मी पहिल्या वर्षी हुरळून गेलो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानदाराने ‘खाऱ्या पाण्याला चालतात’ म्हणून चार स्कॅट आणि दहा निऑन टेट्रा जातीचे मासे दिले. टेट्रा हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, आम्लधर्मी पाण्याचा मासा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाही मेलेले होते. स्कॅट तगले, पण विकताना रुपयाएवढा दिसणारा हा मासा फूटभर वाढतो आणि वयाबरोबर अधिक खारे पाणी मागतो, हे कोणी सांगितले नव्हते. माझी पेटी अवघी दोन फुटांची!

तेव्हा आधी पाणी ठरवावे आणि मग सोबती. पावसाचे किंवा आरओचे पाणी घेऊन त्यात मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला 5 ते 7 ग्रॅम घातले, तर मोली आणि नारिंगी क्रोमाइड हे मासे एकत्र नांदतात. क्रोमाइड हा दक्षिण भारत व श्रीलंकेतला, जेमतेम तीन इंचांचा मासा. त्याची पिल्ले आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात, ते तासभर बघत बसावे असे असते. मात्र त्या दिवसांत जोडी आक्रमक होते, म्हणून मोलींना आडोशाला दगड ठेवावेत. क्रोमाइडचा थोरला भाऊबंद करीमीन, म्हणजे केरळचा राज्यमासा, लहान पेटीसाठी नव्हे. पफर मासा तर मोलीचे पर कुरतडतो, त्याला एकट्यालाच ठेवावे. गोल्डफिश व कोरिडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) या पाण्यासाठी नाहीत.

लेखात उन्हाळ्याचा उल्लेखच नाही. आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि पेटीतले पाणी बोट-बोट उतरते, पण उडते ते केवळ पाणी, मीठ तसेच मागे राहते. अशा वेळी विहिरीचे पाणी टाकून भर घातली, तर खारेपणा दर आठवड्याला वाढत जातो. शिवाय माझ्या विहिरीच्या पाण्याचा सामू (pH) 8 च्या वर आहे, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया अधिक घातक ठरतो. त्यामुळे भर नेहमी बिनखाऱ्या पाण्याचीच घालावी आणि खारेपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरने आठवड्यातून एकदा पाणी तपासावे.

पुढील पुरवणीत हा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती