महाराज वाचकांकडे बघत नव्हते

मा. संपादक,
स. न.

काल सकाळी रविवारची पुरवणी उघडली आणि हातातला चहा तसाच गार झाला. दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांना तुम्ही अर्धं पान दिलंत, रंगीत दिलंत, त्याबद्दल आधी आभार मानतो. महाराजांचं गाव भोज आज कर्नाटकात असलं तरी कोल्हापूरच्या माणसाला ते परगाव वाटत नाही. पण ते चित्र कुणी काढलं हो? का कुणी काढलंच नाही, कॉम्प्युटरला सांगून काढून घेतलं? कोपऱ्यात बारीक अक्षरात एआय असं काहीतरी छापलंय, ते मी भिंग लावून वाचलं.

डोक्यावर मानेपर्यंत काळेभोर केस. साहेब, दिगंबर मुनी दर दोन-चार महिन्यांनी स्वतःचे केस स्वतःच्या हातानं उपटून काढतात, केशलोच म्हणतात त्याला, बोटं घसरू नयेत म्हणून राख लावतात, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यातनं पाणी येतं, त्यांच्या नाही. मग ही झुलपं आली कुठनं? दंड तर असे की आत्ताच तालमीत जोर मारून बाहेर आलेत. कमरेपाशी ढग. हे ढग कशासाठी ते कळलं मला, पण आपल्याच जिल्ह्यात कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर १९६३ पासून बाहुबलींची अठ्ठावीस फुटांची संगमरवरी दिगंबर मूर्ती उघड्यावर उभी आहे, शाळेच्या सहली जातात तिथं, कुणी ढग मागितलेले ऐकले नाहीत.

आणि मागं सात फण्यांचा नाग! ध्यानाला बसलेल्या महाराजांच्या अंगावर नाग चढला आणि ते हलले नाहीत ही गोष्ट आमच्याकडं लहान पोराला पण माहीत आहे. पण तो नाग अंगावर चढला होता, छत्री धरायला आला नव्हता. सात फणे पार्श्वनाथ भगवंतांचे, ते तीर्थंकर. तुमच्या कॉम्प्युटरनं तीर्थंकरांच्या डोक्यावरचं काढून आचार्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि तुमच्याकडं ते कुणी बघितलं पण नाही. वर कॅप्शन काय, तर 'हातात झाडू घेतलेले महाराज'. पिंछी म्हणतात हो तिला, पिंछी. मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची असते. बसायच्या आधी, पुस्तक उचलायच्या आधी जागेवरनं हलकेच फिरवायची, मुंगी असली तर बाजूला जावी म्हणून. झाडू तुमच्या ऑफिसात असेल.

पण मला खरा राग आला तो डोळ्यांचा. मोठे, चमकदार, सरळ वाचकाकडं रोखून बघणारे, पिक्चरच्या पोस्टरसारखे. तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

आमच्या गावच्या मंदिरात सभागृह बांधलं तेव्हा, म्हणजे १९७९-८० ची गोष्ट, महाराजांचं मोठं तैलचित्र लावायचं ठरलं. आमचे अण्णा कमिटीवर होते, म्हणून काम त्यांच्या गळ्यात. कोल्हापुरात तेव्हा सिनेमाचे बोर्ड रंगवणारे एक पेंटर होते, नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. जैन नव्हते. मी शेवटची परीक्षा देऊन रिकामाच होतो त्यामुळं अण्णांबरोबर सायकलवरनं मी. घरात महाराजांचा एकच फोटो, पोस्टकार्डएवढा, काळा-पांढरा, उभे असलेले. १९५५ साली महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, म्हणजे अन्न सोडून देह ठेवायचं व्रत, तेव्हा अण्णा गावातल्या लोकांबरोबर गेले होते, तेव्हाचा आणलेला. आजी रोज त्याला गंधाचं बोट लावायची त्यामुळं गुडघ्याच्या जागी पिवळा डाग पडलेला. पेंटर म्हणाले, हा डाग महाराजांचा का फोटोचा? अण्णा म्हणाले, आमच्या आईचा. त्यावर दोघं जे हसले ते अजून आठवतं.

पिंछी कशी असते ते फोटोत नीट दिसत नव्हतं. चातुर्मास संपला की मुनी नवी पिंछी घेतात आणि जुनी एखाद्या श्रावकाला, म्हणजे संसारी जैन माणसाला देतात, तो त्या वेळी काहीतरी नियम घेतो, तशी एक आमच्या घरी देवघराशेजारी होती. अण्णांनी ती सोवळ्यात बांधल्यासारखी धडप्यात गुंडाळून नेली. पेंटरनी हात धुतले, हातात घेतली, उजेडाकडं फिरवून बघितली. अण्णा म्हणाले, डोळ्याला लावून बघा. त्यांनी पिसाचं टोक उघड्या डोळ्यावरनं फिरवलं. पापणी लवली नाही, पाणी आलं नाही. 'एवढी मऊ असते व्हय,' म्हणाले आणि पुढचे आठ दिवस नुसती पिंछीच रंगवत बसले. त्या माणसाला कुणी झाडू म्हणून सांगितलं असतं तर कुंचला फेकून मारला असता.

मग अडलं ते डोळ्यांपाशी. त्यांनी आधी मूर्तीचे असतात तसे अर्धे मिटलेले, नाकाच्या शेंड्यावर दृष्टी असलेले काढले. लांबनं बघितले आणि स्वतःच पुसले. म्हणाले, दगडात हे ध्यान दिसतंय, रंगात माणूस पेंगल्यागत दिसतोय. मग अण्णांनी त्यांना ईर्यासमिती सांगितली, म्हणजे मुनी चालताना पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. आणि हेही सांगितलं की शेवटी महाराजांची नजर गेली, जमिनीवरचं दिसेना, म्हणून तर त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. छत्तीस दिवस. १८ सप्टेंबरला गेले. पेंटर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे डोळे काढले ते असे की समोर उभं राहिलं की महाराज आपल्या पायापुढच्या फरशीकडं बघतायत. चुकून मुंगीवर पाय पडला की काय म्हणून आपण पण खाली बघायचो. मी तर हमखास.

कमिटीनं चित्र बघितलं आणि एकजण म्हणालेच, महाराज थोडे गोरे करता येतील का, आणि बरगड्या जरा कमी. पेंटर म्हणाले, 'उन्हातनं अनवाणी चालणारा माणूस गोरा कसा असंल? आणि बरगड्या कमी करायच्या तर महाराजांस्नी जेवायला घालायला पायजे हुतं की.' चित्र होतं तसं लागलं.

तुमच्या लेखकांचं म्हणणं आहे की जैन कलेत सगळे एकसारखेच, चेहरा नाही, भाव नाही, त्यामुळं आजच्या तंत्रज्ञानानं त्यांना 'जिवंत' करायला हवं. तीर्थंकरांच्या मूर्ती एकसारख्या असतात त्या मुद्दामच, माणसातलं सगळं गळून गेलं की उरतं ते दाखवायचं असतं, म्हणून तर खाली बैल का शंख का सिंह ते बघून नाव ओळखायचं. (आणि बाहुबलींना त्यांनी 'चोवीस तीर्थंकरांपैकी एक' लिहिलंय, ते नाहीत. अंगावर वेली, पायाशी वारूळ, आणि लांछन, म्हणजे ते खालचं ओळखीचं चिन्ह, नाही.) जुन्या आचार्यांचं म्हणाल तर पुष्कळ ठिकाणी नुसत्या पादुका. श्रवणबेळगोळला निषिधीचे, म्हणजे मुनींच्या स्मरणाचे दगड आहेत, गुरू बसलेत, मधे लाकडी घडवंचीसारख्या ठवणीवर पोथी, समोर शिष्य, चेहरे पार सारखे, कोण कुठले ते शिलालेखावरनं कळायचं. मान्य. पण त्या काळी कॅमेरा नव्हता हो. शांतिसागर महाराजांचे फोटो आहेत, त्यांना बघितलेली माणसं परवापरवापर्यंत आमच्या घरात जेवत होती. ज्याला चेहरा आहे त्याचा चेहरा पुसून दुसराच गुळगुळीत लावायचा, आणि म्हणायचं जिवंत केला! आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या गावात निघणाऱ्या पेपरला एक चित्रकार मिळेना?

तुम्हाला एकट्याला कशाला बोलू, आमचे लोक काही कमी नाहीत. सात-आठ वर्षांपूर्वी सभागृहाचं नूतनीकरण झालं. आता तिथं मागनं लाईट लागणारा ॲक्रिलिकचा बोर्ड आहे, महाराज गोरेपान, बरगड्या गायब, डोळे समोर, खाली देणगीदारांची नावं महाराजांच्या पायापेक्षा मोठ्या अक्षरात. जुनं चित्र विचारलं तर कुणाला पत्ता नाही. शेवटी मांडवाच्या कनाती ठेवतात त्या खोलीत सापडलं, भिंतीकडं तोंड करून, खालची चौकट वाळवीनं खाल्लेली. मी म्हटलं मला द्या. तर म्हणे ठराव करावा लागेल, मंदिराची मालमत्ता आहे. कनातींबरोबर पडली होती तेव्हा मालमत्ता नव्हती का? ठरावाला चौदा महिने लागले. आता ते माझ्याकडं आहे आणि खरं सांगायचं तर फ्लॅटमधे चार फूट बाय तीन फूट चित्राला भिंत नाही, म्हणून कपाटाशेजारी टेकवून ठेवलंय. खुर्चीत बसलं की महाराज माझ्या पायाकडं बघतात.

लिहितोच आहे तर आणखी एक. गेले तीन आठवडे पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं छापलेली नाहीत. फोन केला तर जाहिरात विभागाला जोडून देतात आणि तिथल्या बाई मला वाढदिवसाच्या शुभेच्छांचे रेट सांगतात.

चित्राची दुरुस्ती छापणार असाल तर तुमच्या फोटोग्राफरला माझ्याकडं पाठवा, फोटो काढून घेऊ दे, पैसे नकोत, पेंटरचं नाव तेवढं घालायचं, ते मी त्यांच्या मुलाला विचारून ठेवतो. फक्त सकाळी सात ते नऊ नको, तेव्हा पाणी येतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, शाहूपुरी, कोल्हापूर