तीन क्विंटलचा लॅपटॉप

प्रिय दिल्या,

पोळ्यापासून फोन नाही. तूही केला नाहीस, पण तो हिशेब नंतर. घरी सगळे बरे. बाबांची शुगर तशीच, माझी कंबर तशीच.

लिहायला बसलो कारण मी पुन्हा डबा उघडून न पाहता कॉम्प्युटर घेतला. हस लेका. मागच्या वेळी नागपूरच्या बर्डीवरून मांडीवर मॉनिटर धरून एसटीनं आलो होतो, आणि घरी पाहतो तर सीडी ड्राइव्हचं नुसतं तोंडच लावलेलं! त्यातले माझे बाराशे तुझ्याकडे अजून निघतात.

तर चिऊच्या बीसीएसाठी लॅपटॉप. कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, पण पैसे लगेच हवे होते, म्हणून व्यापाऱ्याला ७,००० नं घातला. तीन क्विंटल कापूस आणि वर हजार रुपये, असा तो २२ हजारांचा पडला. दुकानदार म्हणाला, "काका, चार जीबी आहे, पण रॅम केव्हाही वाढवा." मी रंग पाहत होतो. तुला विचारायला पाहिजे होतं, पण पोळ्याला जे बोललो त्यानंतर कोणत्या तोंडानं विचारू?

वाईट नाही रे तो, हेच तर अवघड आहे. साफच वाईट असता तर दुकानात नेऊन आपटला असता. वजनाला हलका, टायपिंगला बटणं झकास. लाईन गेली तरी पाच-सहा तास चालतो. आणि पंखाच नाही! समोरच्या खोलीत कापूस भरलेला, तंतू सगळीकडे उडतात. पंखेवाला असता तर संक्रांतीपर्यंत गच्च झाला असता.

पण आत सेलेरॉन, म्हणजे स्वस्तातला प्रोसेसर, तोही दोन कोअरचा. ब्राउजर उघडा, त्यात प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर उघडा, की चहा मांडायचा. पडदा असा की बाजूनं पाहिलं तर माणसं काळी दिसतात. गॅदरिंगचे फोटो पाहून बाबा म्हणे, "पोरी, हे धुवाचे राह्यले का?"

खरं दुखणं जागेचं. ६४ जीबी, तीही ईएमएमसी, म्हणजे मोबाइलमधला माल. प्रत्यक्षात ५८ च्या आसपास दिसते, त्यातली निम्मी विंडोजच खाते. अपडेट येतं, जागा नाही म्हणतं, परत जातं. चिऊ पेनड्राइव्हवर वह्यांसारखा अभ्यास ठेवते आणि मला सांगते, "बाबा, मस्त चालते." परवा रात्री पाहिलं, पोट्टी एकेक फाइल पुसत बसली होती. मला पाहून झाकण लावलं. तेव्हापासून झोप नाही गड्या. आपल्या वेळी आपण दोघं भांडून तरी घ्यायचो, ही तर भांडतही नाही.

काल तिला न सांगता चौकातल्या मोबाइलवाल्या पोराकडून खालचं झाकण उघडवलं. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, वाढायचा प्रश्नच नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मी असं बोललोच नाही." पण एका कोपऱ्यात एम-टूची, म्हणजे चपटी पट्टी खोचायची, एक जागा रिकामी आहे, तिथं फाइली ठेवायची एसएसडी बसते म्हणतो तो पोरगा. कोणती, ते त्याला सांगता येत नाही. दोन जाती असतात म्हणे, साटा चालेल की एनव्हीएमई? जागेत खाच एक आहे, पण तेवढ्यानं ठरत नाही म्हणे. मी पुन्हा अंदाजानं घेतली आणि नाही चालली, तर?

विंडोज काढून लिनक्स टाकायचा तुझा तो प्रचार आता ऐकायची तयारी आहे. फक्त तिच्या कॉलेजचं चालेल का, ते आधी बघ.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? सोन्याची बारावी ना यंदा? तुझी बदली झाली म्हणून सुध्या सांगत होता, खरं का?

झाकण उघडलेले चार फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. भाषण न देता कोणती घ्यायची तेवढं लिही. हवं तर बाराशे त्यात वळते करून घे.

तुझा,
गज्या