खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चची रजिस्टरं वाचवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपलं जाणं-येणं झालं असेलच. त्या रस्त्यावरचं सेंट अँड्र्यूज चर्च आज ऐन शहरात आहे, पण शरणपूर वसलं तेव्हा ते नाशिकच्या वेशीबाहेरचं एक छोटं खेडं होतं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या अँग्लिकन मिशनचे विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ साली ते वसवलं. पोरक्या मुलांसाठी आश्रम, शाळा, सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने आणि रविवारची उपासना, एवढाच त्या गावाचा पसारा.

त्या गावात आफ्रिकेची मुलं राहत होती, हे नाशिककरांनाही फारसं ठाऊक नसतं. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं आणि सुटका झालेल्या मुलांना मुंबईत उतरवलं जायचं. त्यांच्यापैकी अनेकांना १८६०पासून शरणपूरला आणून शाळेत घातलं. आई-बाप, गाव, भाषा सगळं तुटलेली ही मुलं गोदावरीकाठी लिहायला-वाचायला आणि रंधा-घण चालवायला शिकली. १८६६ साली प्रसिद्ध संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या आपल्या शेवटच्या सफरीवर निघाले, तेव्हा इथले नऊ तरुण त्यांच्यासोबत होते. पुढे १८७२मध्ये आणखी काही जण गेले, त्यात जेकब वेनराइट होता. १८७३च्या मे महिन्यात आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं, त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचं नाव कोरलं तेही त्यानेच. चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकी सेवकांच्या पुढाकाराने या मंडळींनी तो देह महिनोन् महिने पायी वाहून किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांचं दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये नाशिकच्या शाळेतला हा जेकब उभा होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीने १८७३ साली पूर्व आफ्रिकेतल्या झांजिबार बेटावरचा गुलामांचा बाजार बंद झाला. त्यानंतर आजच्या केनियातल्या मोम्बासाजवळ ‘फ्रिअरटाउन’ ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. ती उभारायलाही प्राइसच गेले आणि शरणपूरचे विद्यार्थी त्यांचे हातपाय झाले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघांना १८८५ साली तिथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही नाशिकला शिकलेले. केनियाने फ्रिअरटाउनची घंटा राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहे, शेजारच्या रबाईत जुन्या चर्चमध्येच वस्तुसंग्रहालय केलं आहे. त्या इतिहासाचं दुसरं टोक आपल्याकडे आहे, आणि ते जपण्याची जबाबदारी आपली आहे.

आता मुद्द्याचं बोलतो. या इतिहासाचे कागद कुठे आहेत? मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार आणि अहवाल बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत सापडतात, पण त्या प्रामुख्याने गोऱ्या साहेबांच्या कुटुंबांच्या. आपल्या माणसांच्या मूळ नोंदी आहेत त्या इथेच, नाशिक, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) या भागांतल्या छोट्या छोट्या चर्चमध्ये. कपाट लोखंडी असलं तर नशीब, नाहीतर पाळकांच्या खोलीतली लाकडी पेटी.

असं एक रजिस्टर मी हाताळलं आहे. पुठ्ठ्याचा कणा सुटलेला, पानांच्या कडा कसरीने खाल्लेल्या. जुनी शाई कागदच जाळत जाते, त्यामुळे काही अक्षरांच्या जागी नुसती भोकं उरली आहेत. तरी रकाने स्पष्ट वाचता येतात: तारीख, मुलाचं नाव, आई-बापांची नावं, राहण्याचं गाव, बापाचा धंदा, विधी कोणी केला. आईचं नाव वेगळं, पूर्ण लिहिलेलं. एका पानावर ओळीने मजूर, मजूर, पंतोजी, पुन्हा मजूर. सातबारावर ज्यांचं नाव कधी चढलं नाही, ज्यांना गावकुसाबाहेर राहावं लागलं, अशा घरांची ही वंशावळ आहे. गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद असलेल्या कोतवाल बुकाखेरीज त्यांचं नाव टाकाने लिहून ठेवणारं दुसरं पुस्तक त्या गावात क्वचितच असेल.

महोदय, हा निव्वळ इतिहासप्रेमींचा छंद नव्हे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात इतर मागास प्रवर्गाच्या सवलती आहेत. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली तर नातीचा अर्ज पुढे सरकतो. पान फाटलं असेल तर ती पोर तहसील कचेरी आणि चर्च यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहते.

हे काम सरकारला नवीन नाही. कुणबी नोंदींसाठी २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा तालुक्यातालुक्यांतली मोडी दप्तरं उघडली गेली, कागद तपासले गेले, स्कॅन झाले. इच्छा असली की यंत्रणा कशी हलते ते आम्ही पाहिलं. तीच यंत्रणा खेड्यातल्या चर्चच्या दारापर्यंत यावी, एवढंच मागणं आहे. पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात आहे. त्यांचं पथक एकेका पास्टोरेटमध्ये (पाळकाच्या अखत्यारीतल्या चर्च-विभागात) दोन-तीन दिवस बसलं तरी तिथली सगळी रजिस्टरं स्कॅन होतील. मूळ वही मात्र जागची हलू नये. ती त्या चर्चच्या मंडळीची आहे, तिच्याकडेच राहावी. स्कॅनची एक प्रत चर्चला, एक पुराभिलेखागाराला. हयात माणसांच्या नोंदी अर्थातच खुल्या करू नयेत. सोबत पाळकांना कसर आणि ओल यांपासून कागद कसा जपायचा याचं साधं प्रशिक्षण मिळालं, तर पुढची पन्नास वर्षं निभावतील.

१९७०मध्ये अँग्लिकन मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या, त्यामुळे बोलणी करायला आपल्याला दारोदार फिरावं लागणार नाही, धर्मप्रांताशी एकदाच बोलता येईल. चर्चच्या जमिनींवरून जिथे वाद असतील ते कोर्टात चालोत. वह्यांना त्यात ओढू नये.

कोणी म्हणेल, मिशनरी धर्मांतरासाठी आले होते, त्यांचे कागद सरकारने का जपावेत? ते त्यासाठीच आले होते, यात लपवण्यासारखं काही नाही. पण वहीत नाव आहे ते मिशनऱ्याचं एका कोपऱ्यात. बाकी सगळी पानं आपल्या खेड्यांतल्या माणसांनी भरली आहेत.

शरणपूरपुरतं आणखी एक. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये कामं निघत आहेत. त्यातच चर्चच्या संमतीने तिथे एक चांगला मराठी माहितीफलक लावावा, त्यावर जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर ही नावं असावीत. फलकाचा मजकूर दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने तपासून द्यावा आणि केनियाच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांशी आपल्या खात्याने पत्रव्यवहार सुरू करावा.

प्रायोगिक तत्त्वावर नाशिक जिल्ह्यातल्या पाच ग्रामीण चर्चपासून पावसाळ्यापूर्वी सुरुवात झाली तरी पुरे. पथकाला रजिस्टरं दाखवायला, जुनं अक्षर लावून द्यायला आम्ही काही जण विनामोबदला सोबत येऊ. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक नाशिककर